कर्ता हरवला आहे
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



शाळेत बाईंनी शिकवलं होतं की वाक्याला कर्ता लागतो. वर्तमानपत्रांचं व्याकरण वेगळं असावं. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.' खून केला कुणी? संशयानं! आणि चारित्र्य कुणाचं, हे मात्र सगळ्या गावाला कळतं. दुसरा लाडका मथळा 'एकतर्फी प्रेमातून कोयत्यानं हल्ला'. मुलगी दोन वर्षं नाही म्हणतेय, तो कोयता घेऊन येतो, आणि छापून येतं प्रेम. या हिशोबानं दरोड्यालाही 'एकतर्फी उधारी' म्हणायला हरकत नाही.

कर्ता सापडतो तो अग्रलेखात आणि रात्रीच्या चॅनेलवरच्या चर्चेत. तिथे तो असतो 'आजची स्त्री'. एकीनं काही केलं, की ते समस्त बायकांनी केलं. पुरुषानं केलं, तर ते त्या एकट्याचं, तेही बिचारा दारूत होता म्हणून.

ही युक्ती काही आजची नव्हे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले. लोकलाजेपायी तिनं मूल मारलं. फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. पुनर्विवाहाची वाट बंद करणाऱ्या समाजावर लिहायचं सोडून पुण्याच्या 'पुणेवैभव' पत्रानं बायकांच्या बिघडलेल्या वळणावर तोंडसुख घेतलं. सुरतेची एक बाई, आणि वळण बिघडलं सगळ्यांचं!

हे वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. बाई म्हणजे संशयाचा भोवरा, असल्या जुन्या श्लोकातले आरोप एकेक करून उचलले आणि पुरुषांच्या पदरात परत घातले. (तो भोवरा अजून मथळ्यांत फिरतोच आहे, बुडते मात्र बाईच.) विधवेचं पाऊल घसरलं, तर घसरवणाऱ्याचं काय, हा त्यांचा साधा सवाल होता.

पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये, १८८५ साली, ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं काही छापलेलं आपल्या हाती नाही. स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केलं १९७५ साली, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी. अग्रलेखवाल्यांना मात्र एकाही आठवड्याची सुट्टी पडली नाही! माझा राग आहे तो इथे. बाईला गप्प करायला बंदी लागतेच असं नाही, टिंगल पुरते.

आता जेवणाची घंटा व्हायच्या आत एक काम. मागच्या टेबलावर महिन्याभराची रद्दी आणि कात्र्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीनं एक बातमी कापा, त्यातला हरवलेला कर्ता शोधून तांबड्या शाईनं लिहा, आणि संपादकांच्या नावानं पाकिटात घाला. खाली आपली सही ठोका. तिकिटांचे पैसे वर्गणीतून घेऊ.