एकच लेकरू, दोन रिपोर्ट



डेअरीवर दूध घालणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. एकाच बादलीतलं दूध, पण एका केंद्रावर फॅट सात लागते आणि दुसऱ्यावर साडेसहा. तेव्हा आपण म्हशीला बोल लावत नाही, आधी मशीनकडे बघतो. दवाखान्याच्या रिपोर्टचं मात्र तसं होत नाही. आकडा बदलला की आपला जीव घाबरा होतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आपण रक्तवाढीच्या गोळ्या घेतो, त्यामुळे लोह जास्त झालं तर वाईट कसं, असं आपल्याला वाटतं. पण रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात आणि हृदयात साठतं. म्हणून लोह काढणारं औषध रोज घ्यावं लागतं, आणि किती लोह साठलं हे एमआरआयवर मोजतात.

गेल्या वर्षीच्या रिपोर्टवर यकृताचा टी-टू-स्टार ५ होता. यंदा दुसऱ्या शहरात तपासणी केली, तर २.६ आला. हा आकडा जितका लहान तितकं लोह जास्त, एवढं ताईंना माहीत होतं. "वर्षभर औषध देऊनही लोह दुप्पट झालं," म्हणून त्या रडायला लागल्या. घरातले म्हणाले, औषधाचा उपयोग नाही तर बंद करा. ताईंनी तिसऱ्या एमआरआयसाठी गटाकडे कर्ज मागितलं.

बैठकीत आम्ही दोन्ही रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले. एकावर १.५ टेस्ला लिहिलं होतं, दुसऱ्यावर ३ टेस्ला. अर्थ कळेना, म्हणून ताईंबरोबर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं की टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद. लोहामुळे यकृतातून येणारा सिग्नल लवकर विझतो, आणि तो किती वेळ टिकला ते टी-टू-स्टार सांगतो. चुंबकाची ताकद दुप्पट असली, की तेवढ्याच लोहाला हा आकडा साधारण निम्मा येतो. मग त्यांनी दोन्ही आकड्यांचा हिशोब एकाच मापात केला. दोन्ही वेळा यकृताच्या दर ग्रॅम कोरड्या वजनामागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास लोह! म्हणजे लोह वाढलंच नव्हतं. औषध आपलं काम करत होतं. ते बंद केलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

यकृतातली चरबीही एमआरआयवर मोजतात. ती टक्क्यांत येते. साधारण पाच टक्क्यांच्या वर गेली की यकृतात चरबी साठली असं धरतात. शंभरात किती चरबी, असं हे प्रमाण असल्यामुळे नीट पद्धतीने मोजलं तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि ताकदीच्या मशीनवर आकडा बराच जवळ येतो. हे कसं तपासलं? तेल आणि पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळून बाटल्या भरल्या, आणि त्याच बाटल्या ठिकठिकाणच्या मशीनवर मोजून पाहिल्या. फॅट माहीत असलेलं दूध घालून डेअरीचं मशीन तपासावं, तसंच हे.

तर मैत्रिणींनो, एवढं करूया. जुना रिपोर्ट जपून ठेवायचा आणि नवीन तपासणीला बरोबर न्यायचा. जमेल तर दरवेळी त्याच केंद्रावर जायचं. लोह मोजण्याची सोय प्रत्येक एमआरआय केंद्रावर नसते, म्हणून आधी विचारून घ्यायचं. दोन आकडे ताडून बघण्याआधी दोन्हीकडे टेस्ला किती ते बघायचं, आणि डॉक्टरांना विचारायचं, "दर ग्रॅमला किती मिलिग्रॅम?" तोवर औषध एक दिवसही चुकवायचं नाही.

ताईंना कर्ज लागलंच नाही. दोन्ही रिपोर्ट आता एकाच पिशवीत, औषधाच्या डब्याशेजारी ठेवलेले असतात.