घरातला अकराचा उजेड

आपल्या खडवलीतल्या नोकरदाराने स्वतःचं घर बहुतेक ट्यूबलाइटमध्येच पाहिलेलं असतं. पहाटेची लोकल धरायची, परतायचं दिवेलागणीनंतर. रविवार बाजारहाटात आणि लग्नकार्यात जातो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे लोकल थांबल्या. सर्वसामान्यांसाठी त्या सुरू झाल्या थेट १ फेब्रुवारी २०२१ ला, त्याही ठरावीक वेळांत. मधल्या काळात सकाळी अकराला ओट्यावर ऊन कसं उतरतं, हे अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. काहींनी वही काढली, समोरची कपबशी रंगवली. मला त्या चित्रांविषयी बोलायचंय.

वस्तुचित्र म्हटलं की आपल्याला शाळेतली चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट आठवते. परीक्षा संपली की विषय संपला, त्यामुळे हा शिकाऊंचा सराव, असा समज घट्ट बसला. तो चुकीचा आहे. इटलीत बोलोन्याच्या जॉर्जो मोरांदींनी (१८९०-१९६४) आयुष्य बाटल्या आणि डबे रंगवण्यात घालवलं. झोपायची खोली हाच त्यांचा स्टुडिओ. बाटली चकाकू नये म्हणून तिला आधी रंग फासायचे, वर धूळ बसू द्यायचे. वस्तूची जागा टेबलावरच्या कागदावर आखून ठेवायचे. आपल्याकडे नागावचे प्रभाकर बरवे (१९३६-१९९५). त्यांनी घड्याळ, पान अशा साध्या गोष्टी मोकळ्या अवकाशात इनॅमल रंगांत मांडल्या आणि ‘कोरा कॅनव्हास’मध्ये आपल्या चित्रविचाराबद्दल मराठीत लिहिलं.

आपल्याच ओट्यावरचा स्टीलचा तांब्या घ्या. त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच. खिडकी त्याच्या पोटावर निमुळती होऊन वाकते, गजांच्या काळ्या रेघा उमटतात, तळाशी कडप्प्याचा काळसरपणा चढतो. शेजारी टोमॅटो ठेवला की त्या अंगाला लाल पट्टा. तांब्या काढायला बसलेला माणूस अख्खं स्वयंपाकघर रंगवतो, आणि ऊन सरकलं की पुन्हा पाहायला लागतो.

पण एक गोष्ट मला टोचते. त्याच दिवसांत, आपल्यापासून फार लांब नसलेल्या मुंबई-नाशिक महामार्गावरून, माणसं चालत गावाकडे निघाली होती. असं निवांत पाहायला लागणारी शांत खोली ही डोक्यावर छप्पर असलेल्यांची. आणि छपराखालीही ती सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. सगळे घरात म्हणजे भांड्यांचा ढीग दुप्पट. शार्दां हा फ्रेंच चित्रकार स्वयंपाकघरातल्या भांड्यांसाठी नावाजलेला, पण १७३८ मध्ये त्याने भांडी घासणारी मोलकरीणही तितक्याच आस्थेने रंगवली. लॉकडाऊनमधल्या आपल्या चित्रांत मला भांडी घासणारी बाई फारशी दिसली नाही.

म्हणून इथल्या चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे. वस्तू पुसून, कापडावर सजवून मांडू नका. ओट्यावर पालथी घातलेली, पाणी निथळत असलेली भांडी काढायला द्या, शेजारच्या घासणीसकट. आणि एखाद्या तासाला मुलांच्या आयांनाही शाळेत बोलवा. पहिला कागद त्यांच्या हातात द्या.