घडीच्या चाकूची चकती

आजच्या भाषणाचा विषय नखावर मावेल इतका लहान आहे. घडीचा चाकू उघडतांना पातें ज्या आंसाभोंवतीं फिरतें, त्या आंसावर पात्याच्या दोन्ही बाजूंस एकेक पातळ चकती घातलेली असते. पुस्तकांत तिला वॉशर म्हणतात, कारखान्यांतले मिस्त्री वायसर म्हणतात. तिची जाडी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर. चाकू विकत घेणारा पात्याचें पोलाद पाहतो, मुठीचें शिंग किंवा लांकूड पाहतो, धार अंगठ्यावर अजमावतो; ही चकती मात्र त्याच्या दृष्टीस कधीं पडत नाहीं. तरीहि चाकू हातांत घेतल्याबरोबर तो चांगला वाटतो कीं वाईट वाटतो, याचा निकाल पुष्कळ अंशीं तीच देत असते.

पात्याकडून आपण दोन गोष्टी मागतों, आणि त्या एकमेकींच्या सवती आहेत. पातें अंगठ्याच्या हलक्या रेट्यानें उघडावें ही पहिली. उघडल्यावर तें बाजूला तिळभरहि डुगडुगूं नये ही दुसरी. आंसाचा स्क्रू सैल केला कीं पहिली साधते आणि दुसरी बिघडते. आवळला कीं उलट होतें. यांत जोखीम बोटांची आहे. सैल पातें आंब्याची साल काढतांना कलतें आणि धार भलतीकडे वळते. खटक्याचा चाकू असेल तर कललेल्या पात्यामुळें खटका पुरता बसत नाहीं, आणि मिटणारें पातें थेट बोटांवर येतें. घट्ट पात्याचें दुखणें निराळें. त्याला नखानें जोर द्यावा लागतो, तें अडून बसतें, मग एकाएकीं सुटतें. शाळेंत मुलें पेन्सिल तासण्यासाठीं चाकू बाळगीत, तेव्हां कापलेलीं बोटें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत; त्यांतलीं बरींचशीं धारेपेक्षां या अडून सुटण्यानेंच कापलेलीं असत.

डुगडुगणें किती बारीक चुकीनें उत्पन्न होतें, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चकतीचा व्यास १२ मिलिमीटर आहे आणि पात्याची लांबी ८० मिलिमीटर आहे असें धरा. चकती व पातें यांमध्यें केवळ ०.०५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या अर्ध्या जाडीइतकी, मोकळीक राहिली, तर पात्याचें टोंक सुमारें एक तृतीयांश मिलिमीटर बाजूला झुकेल. चकतीचा व्यास ६ मिलिमीटरच असेल तर टोंक त्याच्या दुप्पट झुकेल, आणि तें हाताला स्पष्ट कळेल. म्हणजे चकती जितकी रुंद तितकें पातें स्थिर. मग ती वाटेल तेवढी रुंद कां करूं नये? घर्षणाचें बळ स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतें, हें फ्रान्समध्यें आमोंतोंनें १६९९ सालींच दाखविलें होतें. परंतु तें बळ आंसापासून जितकें दूर लागेल, तितका पातें फिरविण्यास त्याचा विरोध अधिक. जात्याचा खुंटा दूर असला म्हणजे दळणें सोपें जातें, त्याच्याच उलट बाजूचा हा न्याय आहे. तेव्हां रुंदीचें सुख फुकट मिळत नाहीं. रुंद चकती घ्यावयाची तर ती कमी घर्षणाच्या पदार्थाची हवी.

येथें कोणी विचारील कीं, पोलादी पात्यावर पोलादी मूठच घासूं दिली तर काय बिघडलें? आरशासारखा गुळगुळीत दिसणारा धातूचा पृष्ठभागहि सूक्ष्मदर्शकाखालीं सह्याद्रीसारखा दिसतो. दोन पृष्ठभाग टेकतात ते फक्त शिखरांवर, आणि तेवढ्या टेकणाऱ्या जागेवर दाब इतका होतो कीं शिखरें एकमेकांना चिकटतात. पातें फिरविणें म्हणजे हे सांधे तोडणें होय. केंब्रिज येथील बाउडन व टेबर या शास्त्रज्ञांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत घर्षणाचा हा उलगडा सविस्तर मांडला आहे. एकाच जातीचे धातू असले म्हणजे सांधे घट्ट जमतात. न गंजणारें पोलाद आणि टायटॅनियम यांना तर ही खोड फारच. म्हणून मध्यें तिसरा, वेगळ्या जातीचा आणि पोलादाहून मऊ पदार्थ घालावयाचा, म्हणजे जी काय झीज व्हावयाची ती त्याची होते आणि पातें वांचतें.

जुन्या कारागिरांस हें पुस्तकावांचून ठाऊक होतें. शेफील्डचे चाकू आपल्याकडे एके काळीं घरोघर असत. त्यांत वेगळी चकती बहुधा नसे, पण शिंगाच्या मुठीच्या आंतून पितळेचा पातळ पत्रा असे आणि पातें त्या पत्र्यावर घासत फिरे. चकतीचें काम होतच होतें, फक्त तिला नांव नव्हतें. स्वित्झर्लंडमध्यें इबाख गांवीं कार्ल एल्सनर यानें १८९७ सालीं अनेक पात्यांचा जो प्रसिद्ध चाकू सिद्ध केला, त्यांतहि पात्यांच्या थरांमध्यें धातूचे पातळ पत्रे आहेत. हल्लीं ते ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचे असतात. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतांत १८९० पासून होणारा ओपिनेल चाकू याहूनहि साधा. त्याला चकती नाहीं; पातें लांकडाच्या खांचेंतच फिरतें. लांकूड ओलें झालें कीं फुगतें आणि पातें गच्च बसतें. तेव्हां तेथले शेतकरी मुठीचें बूड टेबलावर ठोकून पातें बाहेर काढतात, आणि या ठोकण्याला साव्हुआचेंच नांव पडलें आहे! आमच्या कोंकणांतल्या आषाढांत हा चाकू नेला तर त्याची काय अवस्था होईल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

आतां चकतीच्या पदार्थांकडे वळूं. यांत माझ्या मतें पहिला मान फॉस्फर-ब्राँझ या धातूचा. यांत मुख्य तांबें, सामान्यतः ५ ते ८ टक्के कथील, आणि अर्ध्या टक्क्याहूनहि कमी स्फुरद असतो. स्फुरद वितळलेल्या रसांतला प्राणवायु काढून टाकतो आणि धातूला कठीणपणा देतो. तळपायाला तूप चोळण्याची कांशाची वाटी ज्या तांब्या-कथलाच्या कुळांतली, त्याच कुळांतला हा धातु. फरक एवढाच कीं वाटींत कथील पुष्कळच अधिक असतें. फॉस्फर-ब्राँझचा गुण असा कीं, नवा चाकू थोडा जड चालतो, पण काहीं शें वेळां उघडमीट झाली कीं चकतीचीं शिखरें दबून ती पात्याशीं घोटून बसते. वापरानें सुधारणाऱ्या वस्तु संसारांत थोड्याच असतात. त्यांपैकीं ही एक. पितळहि चालतें, परंतु तें अधिक लवकर झिजतें.

नायलॉन १९३५ सालीं अमेरिकेंत कॅरोदर्स यानें शोधून काढलें. त्याची चकती स्वस्त आणि बिनआवाजी असते, पण नायलॉन पाणी पितें. साधारण दमट हवेंत तें आपल्या वजनाच्या सुमारें अडीच टक्के पाणी शोषून घेतें आणि त्या मानानें फुगतें. उन्हाळ्यांत बरोबर जुळविलेला चाकू पावसाळ्यांत जड कां झाला, या कोड्याचें उत्तर कधीं कधीं एवढेंच असतें. टेफ्लॉन हा पदार्थ रॉय प्लंकेट यास १९३८ सालीं अपघातानेंच सांपडला. वायूनें भरलेल्या नळकांड्यांतून वायु येईना, म्हणून तें कापून पाहिलें तों आंत पांढरी भुकटी! घर्षण कमी असण्यांत त्याचा हात धरणारे पदार्थ फार थोडे. परंतु दाबाखालीं तो हळूहळू पसरतो. आज स्क्रू नीट आवळावा, आणि काहीं महिन्यांनीं चकती पातळ होऊन पातें पुन्हां डुगडुगूं लागावें, असा त्याचा स्वभाव आहे.

अलीकडे चकतीऐवजीं सायकलच्या चाकांत असतात तसे बारीक छर्रे बसविण्याची चाल पडली आहे. छर्रे घासत नाहींत, गडगडतात. त्यामुळें खटका दाबतांच पातें स्वतःच्या वजनानें खालीं येतें आणि गिऱ्हाईक खूष होतें. मला या हौसेचें फारसें कौतुक नाहीं. छर्रा टेकतो तो बिंदूवर. खालीं कठीण पोलादाची बैठक नसेल तर तो मऊ टायटॅनियमांत खांच पाडतो. शिवाय खिशांतली धूळ, कापडाचे तंतू, फळाचा चिकट रस हें सर्व छर्‍यांमध्यें जाऊन बसतें. सपाट चकतीपाशीं धुळीला शिरण्यास इतकी जागाच नसते. पातें धपकन् पडणें आणि पातें एकसारख्या मऊपणानें फिरणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मात्र उत्तम पदार्थ निवडला म्हणजे काम झालें असें मानणारा कारागीर फसतो. चकती पत्र्यांतून ठोकून कापली जाते, तेव्हां तिच्या एका कडेला बारीक कंगोरा राहतो. तो न काढतां बसविली तर पातें त्या कंगोऱ्यावरच फिरतें, आणि फॉस्फर-ब्राँझची किंमत व्यर्थ जाते. दोन्ही चकत्या एकाच जाडीच्या, दोन्ही बाजू समांतर, आणि पात्याचें बूडहि तितकेंच सपाट, हें जुळलें पाहिजे. जाड कांचेवर बारीक पॉलिश-कागद पसरून चकती बोटानें इंग्रजी आठाच्या आकारांत घासणें हा त्यावरचा जुना व खात्रीचा उपाय. अमेरिकेंत आयडाहो संस्थानांतील बॉइझी येथें क्रिस रीव्ह या मूळच्या दक्षिण आफ्रिकेंतील कारागिरानें काढलेला 'सेबेंझा' चाकू या बाबतींत नांवाजलेला आहे. झुलू भाषेंत या शब्दाचा अर्थ काम असा होतो. त्यांत रुंद फॉस्फर-ब्राँझच्या चकत्या आहेत आणि वंगण धरून ठेवण्यासाठीं त्यांना भोंकें पाडलेलीं आहेत. त्याच्या जुन्या नमुन्यांतली युक्ति तर फारच सुंदर होती. आंसावर एक नळी बसविलेली असे. तिची लांबी पात्याची जाडी आणि दोन चकत्यांची जाडी यांच्या बेरजेहून केंसभरच अधिक. स्क्रू कितीहि आवळला तरी तो नळीवर आवळला जाई आणि पातें मोकळें राही. आरंभीं ज्या दोन सवती सांगितल्या, त्यांचा संसार या केंसभर अंतरानें सुखाचा केला. पण तें अंतर अचूक साधण्यासाठीं यंत्र आणि हात दोन्ही कसलेले हवेत, आणि चाकूची किंमत वाढते ती येथें.

आपल्या घरांतले चाकू बहुधा रिबीट मारलेले असतात, स्क्रूचे नसतात. तो सैल झाला कीं रिबिटावर हातोडी मारण्याचा मोह होतो. एक ठोका कमी पडतो आणि पुढचा अधिक होतो, म्हणून हें काम शक्य तों जाणत्याकडे सोंपवावें. जड झालेल्या चाकूचें औषध मात्र घरांतच आहे. तो उघडून कोमट साबणाच्या पाण्यानें धुवावा, कोरडा करावा, आंसापाशीं शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडून वीस-पंचवीस वेळां उघडमीट करावी, आणि काळा मळ बाहेर येईल तो फडक्यानें पुसावा. फळें कापण्याचा चाकू असेल तर औषधी दुकानांतलें लिक्विड पॅराफिन वापरावें. खोबरेल तेल सोईचें दिसतें, पण सुमारें २४ अंशांखालीं तें थिजतें, आणि पुण्याच्या थंडींत चाकूहि थिजल्यासारखा होतो. जवसाचें तेल तर मुळींच नको. तें वाळून त्याचा रोगणासारखा पापुद्रा धरतो.

नवा चाकू घ्यावयाचा असल्यास तो दुकानांतच पुरता उघडावा, मूठ एका हातांत धरून टोंकाजवळ पात्याची बोथट कड दोन बोटांत पकडावी आणि बाजूला हलवून पाहावें. मग सावकाश मिटावा. सगळ्या वाटेंत पातें सारख्याच जोरानें सरकलें पाहिजे. मध्येंच एका जागीं जड लागत असेल, तर आंत चकती वांकडी तरी आहे, नाहींतर तिचा कंगोरा तसाच राहिला आहे. दुकानदार म्हणेल कीं वापरानें सुटेल. त्याला नमस्कार करून दुसरा चाकू मागावा.