मोड विकण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मोडीवर बोलणे म्हणजे हळदीकुंकवाला भंगारवाल्याला बोलावण्यासारखे कुणाला वाटेल. पण आपल्या घरोघरी माळ्यावर हंडे, कळशा, बंब, पराती पडून आहेत. स्टीलने त्यांना स्वयंपाकघरातून उठवले, आणि एखाद्या दिवशी दारावर हाक आली की सगळे एकगठ्ठा तराजूत जाते. ज्वारीचे कणीस हातात घेऊन दाणा कसा भरला आहे हे सांगणाऱ्या आपण मंगळवेढ्याच्या बायका, पितळेपुढे मात्र ‘काय होईल ते द्या’ म्हणून मोकळ्या होतो. म्हणून आज सांगायचे एवढेच: मोड घरीच ओळखा, घरीच निवडा, घरीच तोला, भाव त्यानंतर विचारा.

आधी ओळख. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पत्र्याच्या भांड्यांत साधारण ६० ते ७० टक्के तांबे असते. कासे म्हणजे तांबे आणि कथील. कथील तांब्याहून महाग, म्हणून अस्सल काशाची वाटी पितळेच्या ढिगात टाकू नये. काशावर टिचकी मारली की नाद बराच वेळ घुमतो. पितळेचा लवकर विरतो. कासे ठिसूळ असल्याने पडले की तडकते, पितळेला पोचा येतो.

घरात एक लोहचुंबक आणि एक जुनी कानस ठेवावी. लोहचुंबक चिकटला, की आत लोखंड आहे, वरचे पिवळेपण नुसता मुलामा. पण चिकटला नाही म्हणून पितळच, असेही नव्हे. जस्त, शिसे, ॲल्युमिनियम यांनाही तो धरत नाही. मग न दिसणाऱ्या जागी कानस फिरवावी. आत पिवळे दिसले तर पितळ, लालसर दिसले तर तांबे, पांढरे दिसले तर दुसरेच काही. नळाची चकचकीत पांढरी तोटी घासली, की पुष्कळदा आतून पितळ निघते. ती लोखंडाच्या भावाने देऊ नका.

आता निवड. तांबे, कासे, पत्र्याचे पितळ आणि ओतीव पितळ असे चार ढीग करावेत. समया, घंटा, वजने ही ओतीव. ओतीव पितळेत बरेचदा शिसे मिसळलेले असते. जुन्या वजनांच्या बुडाशी शिसे भरलेले असते, पोकळ मूर्तीत कधी लाख असते. घेणारा त्याची वजावट करणारच. पंपाच्या स्टोव्हची टाकी पितळेची, पाय लोखंडाचे. बंबाचे अंग तांब्याचे, तोटी पितळेची, जाळी लोखंडाची. हे सुटे करून ठेवावे. काजळी, माती, राख झाडून टाकावी. मात्र चिंच लावून लखलखीत करण्याचे श्रम नकोत, लकाकीला भाव नाही.

निवडीने काय फरक पडतो? नुसत्या हिशेबासाठी पितळेचा भाव किलोला ५०० रुपये आणि तांब्याचा ७५० धरू. बारा किलोच्या ढिगात चार किलो तांबे असेल आणि सगळे पितळ म्हणून गेले, तर ६००० रुपये मिळतील. निवडून दिले तर ७०००. हजार रुपये नुसत्या न पाहण्यात गेले! दामाजीपंतांचा हिशेब विठू महाराने बेदरला जाऊन चुकता केला, अशी कथा आहे. आपला हिशेब आपल्यालाच करायचा आहे.

वजन करताना मीठाचा एक किलोचा बंद पुडा आधी तराजूवर ठेवावा. काटा किलोच्या आत राहिला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. घेणारा ‘घट’ म्हणून काही कापतो. त्यात थोडे तथ्य आहे. पितळ वितळवताना जस्ताचा काही भाग धूर होऊन जातो, कल्हई आणि डाक यांचाही फरक पडतो. पण घट किती, हे तोलण्यापूर्वी ठरवावे, मागाहून नव्हे. मोड घालून नवे भांडे घ्यायचे असेल, तर मोडीचा भाव, नव्याचा भाव आणि घडणावळ असे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. एकत्र सांगितले की कुठे काय गेले ते कळत नाही.

शेवटचा प्रश्न नाजूक आहे: मोड कोणाची? पुष्कळ भांड्यांवर नाव आणि तारीख घातलेली असते. माहेरहून लग्नात आलेला हंडा हे त्या बाईचे स्त्रीधन होय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली, आणि १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सासरी असले तरी स्त्रीधन तिचेच. तेव्हा सुनेच्या नावाचा हंडा सासूने, किंवा सासूच्या नावाचा सुनेने, न विचारता मोडीत काढू नये. विकलाच, तर पैसे जिचे नाव तिच्या हाती द्यावेत. आणि जुना अडकित्ता, दिवा, पानपुडा विकण्याआधी एकदा पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून यावे. असल्याच घरगुती वस्तू तिथे जपून ठेवल्या आहेत.

माझी एक सूचना आहे. मंडळाच्या कपाटात एक लोहचुंबक, एक कानस आणि एक खात्रीचा तराजू असावा; ज्या बहिणीला लागेल तिने न्यावा, आणि आणून ठेवावा.