हरणाऱ्या संघाचे देणगीदार



 जिमखान्याच्या खर्चाचा विषय निघाला की आपल्या कॉलेजांच्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: संघ जिंकला तर माजी विद्यार्थी पैसे देतात, हरणाऱ्या संघाला कोण विचारतो? आणि पुराव्यादाखल अमेरिकेचं नाव घेतलं जातं. म्हणून आज मी अमेरिकेबद्दलच बोलणार आहे. कॉलेजच्या सामन्यांना तिथे काही ठिकाणी लाखभर माणसं जमतात आणि हार-जितीचा देणग्यांवर होणारा परिणाम तिथल्या अर्थतज्ज्ञांनी मोजलेला आहे.

पॅसाडेनाच्या कॅलटेकपासून सुरुवात करतो. या संस्थेच्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघाने १९८५ ते २०११ या काळात आपल्या गटातले सलग ३१० सामने गमावले. २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटल कॉलेजवर ४६-४५ असा एका गुणाने विजय मिळाला, तेव्हा ती मालिका संपली. आता याच काळातलं २००१ हे वर्ष घ्या. इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर, त्यांच्या पत्नी बेटी आणि त्यांचं प्रतिष्ठान यांनी त्या वर्षी कॅलटेकला ६० कोटी डॉलर जाहीर केले. उच्च शिक्षणाच्या संस्थेला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी देणगी होती. मूर यांनी १९५४ मध्ये तिथूनच डॉक्टरेट मिळवली होती. ते पैसे देत होते तेव्हा संघ हरतच होता.

कॅलटेक लहान आहे, तिथे खेळाला प्रेक्षकच नसतो, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. जिथे खेळ हाच गावाचा उत्सव असतो, तिथे पराभव बोचतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हे दाखवून दिलं. फुटबॉलच्या सामन्यानंतरच्या सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात, हे त्यांनी सात मोठ्या विद्यापीठांत मोजलं. संघ जिंकला की असे कपडे जास्त दिसत. फोनवर सामन्याबद्दल विचारलं, की विजयाच्या वेळी मुलं ‘आपण जिंकलो’ म्हणायची. पराभव सांगताना त्यातलं ‘आपण’ कमी व्हायचं. कुठल्याही मैदानाच्या कडेला आपण हे पाहिलेलं आहे.

पण कपडे घालणं वेगळं आणि चेक लिहिणं वेगळं. जोनाथन मीर आणि हार्वी रोझेन या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये एका नामांकित विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांची नोंद व्यक्तिवार तपासली. आपण ज्या संघातून खेळलो त्याने गटाचं अजिंक्यपद मिळवलं, तर माजी पुरुष खेळाडूंची देणगी साधारण सात टक्क्यांनी वाढत होती. स्त्रियांच्या बाबतीत असा ठळक परिणाम आढळला नाही. सात टक्के म्हणजे काही अगदीच थोडे नव्हेत. पण आपल्या बैठकांत ज्या आवेशाने हार-जितीचा हिशेब मांडला जातो, त्याच्या तुलनेत हा आकडा फार लहान आहे.

बर्कलीचे मायकेल अँडरसन यांनी अधिक खोलात जाऊन पाहिलं. संघ जिंकल्यामुळे पैसा येतो, की पैसा असल्यामुळे संघ जिंकतो, हा गुंता त्यांना सोडवायचा होता. त्यांनी सट्टेबाजांचे भाव वापरले. अपेक्षा होती त्यापेक्षा संघ जास्त सामने जिंकला, तर पुढे काय होतं? मोठ्या फुटबॉल विद्यापीठांत देणग्या वाढतात, प्रवेशअर्जही वाढतात. हा परिणाम खरा आहे, तो मी नाकारत नाही.

प्रश्न आहे तो या देणग्यांच्या जातीचा. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत चांगल्या जागेचं हंगामी तिकीट घ्यायचं, तर आधी क्रीडाविभागाला ‘देणगी’ द्यावी लागते. अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळायची. २०१७ च्या कायद्याने ती बंद केली. सरकारनेच मान्य केलं, की हा व्यवहार खुर्चीच्या किमतीचा आहे. संघ हरू लागला की खुर्चीचा भाव पडतो आणि ही ‘देणगी’ कमी होते. हे बाजाराचं साधं वागणं आहे. माणसाने आपल्या संस्थेचं ऋण फेडण्याशी त्याची गल्लत करू नये, एवढंच माझं आजचं सांगणं आहे.

ऋण फेडण्याचं उदाहरण म्हणून कोलंबिया विद्यापीठ घ्या; ते आपल्याला परकं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये तिथे शिकायला गेले. त्या कोलंबियाचा फुटबॉल संघ १९८३ ते १९८८ या काळात सलग ४४ सामने हरला. पुढे २०१३ आणि २०१४ हे दोन अख्खे हंगाम त्याला एकही विजय मिळाला नाही. १९६१ नंतर आयव्ही लीगचं विजेतेपद मिळालं ते २०२४ मध्ये, तेही इतर दोन संघांसह विभागून. याच कोरड्या काळात, २००७ मध्ये, जॉन क्लूगे यांनी विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीसाठी ४० कोटी डॉलर देण्याचं जाहीर केलं. क्लूगे स्वतः १९३० च्या दशकात शिष्यवृत्तीवर तिथे शिकले होते. त्यांच्या मनात कोणतं ऋण होतं, हे त्या पैशाच्या उद्देशावरूनच कळतं.

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नचा फुटबॉल संघ १९७९ ते १९८२ या काळात सलग ३४ सामने हरला. पराभवांचा विक्रम मोडला त्या दिवशी विद्यार्थी मैदानात धावून गेले आणि आपण सर्वांत वाईट आहोत, असा जयघोष करत त्यांनी गोलपोस्ट उखडले. सप्टेंबर १९८२ मध्ये विजय मिळाला तेव्हा पुन्हा गोलपोस्ट उखडले आणि मिशिगन सरोवरात नेऊन टाकले. या मुलांना संघाचं काही वाटत नव्हतं, असं कोण म्हणेल? २०२१ मध्ये पॅट्रिक आणि शर्ली रायन या माजी विद्यार्थी दांपत्याने नॉर्थवेस्टर्नला ४८ कोटी डॉलर जाहीर केले. त्यात संशोधनाचा वाटा होता आणि नव्या स्टेडियमचाही. त्या हंगामात संघ बारापैकी नऊ सामने हरला, पुढच्या हंगामात अकरा. तरीही जुनं स्टेडियम पाडून नव्याचं बांधकाम सुरू झालं.

ही सगळी श्रीमंत विद्यापीठं आहेत, याचं मला भान आहे. म्हणून टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिथला फुटबॉल संघ १९८९ ते १९९८ या काळात सलग ८० सामने हरला. त्याचं कारण उघड होतं: आर्थिक गैरव्यवहारामुळे १९९० चा हंगामच रद्द करावा लागला आणि पुढे संघ उभा राहिला तो खेळाडूंना शिष्यवृत्ती न देता. प्रतिस्पर्धी संघ शिष्यवृत्ती देऊन खेळाडू आणत होते. म्हणजे इथे पैसा आधी गेला आणि पराभव मागून आला. तरीही लोक येत राहिले, कारण मध्यंतरात विद्यापीठाचा बँड वाजत असे आणि तो बँड ऐकणं हे माजी विद्यार्थ्यांसाठी घरी परतण्यासारखं होतं. सप्टेंबर १९९८ मध्ये लँगस्टनवर १४-१२ असा विजय मिळाला.

उलट बाजूही पाहा. टेक्सास ए अँड एम या विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं. कराराप्रमाणे त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणं भाग होतं. काम न करण्यासाठी एका माणसाला इतके पैसे! पराभवाच्या भीतीने संस्था चालवली, की माजी विद्यार्थ्यांची उदारता कुठे खर्च होते, याचं इतकं बोलकं उदाहरण दुसरं मला सापडत नाही.

आपल्याकडे वळू. नंदन नीलेकणी यांनी २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले, ते त्या संस्थेशी जडलेल्या नात्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. त्यामागे कुठला चषक नव्हता. आणि आपल्या तालुक्याच्या कॉलेजांत काय होतं? विजेत्या संघाचा फोटो प्राचार्यांच्या दालनात लागतो. पहिल्या फेरीत हरलेल्या कबड्डीच्या मुलांची नावं वर्षअखेरीला कुणाला आठवत नाहीत. नॅक या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत, म्हणून मूल्यांकनाआधी घाईघाईने मेळावा घेतला जातो, आणि तेव्हा ती मुलं कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसतं. मग देणगी येत नाही याचा दोष आपण पराभवाला देतो. तो आपला आहे.

म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे. या हंगामात ज्यांनी आपल्या कॉलेजची जर्सी घातली, त्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर निकाल न पाहता नोंदवहीत उतरवा. हरलेल्या संघालाही सत्काराला बोलवा, त्यांच्या आईवडिलांना पुढच्या रांगेत बसवा. दहा वर्षांनी त्या मुलांना पहिलं पत्र पाठवाल, तेव्हा त्यात पैसे मागू नका. कसे आहात, एवढं विचारा आणि मैदानावर या म्हणून सांगा.