घोडे भीमथडीचे, भवितव्य माळरानाचे



थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठची म्हणून ती भीमथडीची तट्टे. पुणे जिल्ह्यात पूर्वी या नावाचा तालुकाच होता. कोकणातील बंदरांत उतरणारे अरबी घोडे व इथली काटक डोंगरी तट्टे यांच्या संकरातून हे जनावर घडले. उंचीने बेताचे, खुराने मजबूत, थोड्या चाऱ्यावर दूरची मजल मारणारे. मराठ्यांच्या चपळ घोडदळाचे रहस्य शौर्यात होते, तसे या काटकपणातही होते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पागा मोडल्या आणि राजाश्रय संपला. तरीही हे घोडे उरले. ते कोणी राखले? जेजुरीच्या अश्वारूढ खंडेरायाला कुलदैवत मानणाऱ्या मेंढपाळ धनगरांनी! मल्हारराव होळकर याच समाजातून सरदारपदाला पोहोचले, हा योगायोग नव्हे. आजही दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे निघतात, तेव्हा पुरुष मेंढरांमागे असतात आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून वाट चालतात त्या घरच्या स्त्रिया. कोकरे, भांडी, क्वचित लहान मूलही त्या पाठीवर असते.

राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो या कर्नाल येथील संस्थेने २०२३-२४ मध्ये या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, झंस्कारी, मणिपुरी यांच्या पंगतीत भीमथडी बसली. २०२३ मध्येच राज्यगीताचा मान मिळालेल्या राजा बढे यांच्या गीतातही या तट्टांचा उल्लेख आहे. अभिमानाचीच ही गोष्ट. पण गौरवाने घोड्याचे पोट भरत नाही. २०१९च्या पशुगणनेत देशातील घोडे सुमारे ३ लाख ४० हजार भरले. २०१२च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे.

म्हणूनच संवर्धनाचा प्रश्न तबेल्यात सुटणारा नाही. घोडा मेंढरांबरोबर चालतो, मेंढरे गवतावर जगतात आणि गवत वाढते ते माळरानावर. त्या माळाला सरकारी कागदात ‘पडीक’ म्हटले जाते. पडीक म्हटले की तिथे कारखाना, वसाहत किंवा वृक्षलागवड करण्यास कोणाचीच हरकत राहत नाही. वस्तुतः तीच मेंढपाळाची शेती आहे. लांडगा, चिंकारा व तणमोर यांचेही तेच घर आहे. शेतात मेंढरे बसवली की जमिनीला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य वा पैसे. शाश्वत विकास हा शब्द रूढ होण्यापूर्वीचाच हा व्यवहार आहे.

तेव्हा करावयाचे काय? गायराने व कुरणे राखावीत. मेंढरांच्या जुन्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. उत्तम घोडे व घोड्या यांची वंशावळ नोंदवावी. बाजारात उंच जनावराला भाव येतो म्हणून सरसकट संकर करू नये. वाड्यापर्यंत पशुवैद्य पोहोचावा, मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी. सारंगखेडा, माळेगावच्या यात्रांत भीमथडीला स्वतंत्र मान मिळावा. या साऱ्यात धनगर बांधवांचा शब्द पहिला असावा, कारण राखणदार तेच आहेत.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालकांचे म्हणून घोषित केले. आपल्या गावच्या गायरानाची आज नेमकी काय स्थिती आहे, एवढे जरी प्रत्येकाने पाहिले, तरी कामाचा प्रारंभ झाला असे म्हणता येईल. पुतळ्यातील घोड्याला हार घालणे सोपे असते. जिवंत घोड्याला माळ लागतो.