देहाचा जमाखर्च

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत इलेक्ट्रॉनिक सिटी येथे केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठी सत्तेचा कर्नाटकातील विस्तार अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी विचार मांडले. त्यांच्या पंक्तीत बसून वजन कमी करण्यावर बोलायचे म्हणजे भरल्या पंगतीत उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. त्यातून मी डॉक्टर नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात केस पिकवले. माझी पात्रता एवढीच की २०२३ च्या पावसाळ्यात माझे वजन ८६ किलो होते आणि आज ते ७६ आहे. चिटणीसांनी आग्रह केला तेव्हा मी म्हटले, व्याख्यान नको, झालेला जमाखर्च वाचून दाखवतो.

आमच्याकडे चाळिशी ओलांडलेल्या अधिकाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. वर्षानुवर्षे मी त्या अहवालाकडे लेखापरीक्षणातील किरकोळ आक्षेपाकडे पाहावे तसे पाहत आलो. 'नोंद घेतली' असे मनात म्हणायचे आणि कागद फायलीला लावायचा. २०२३ साली मात्र तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "घरात कोणाला मधुमेह?" मी म्हटले, "थोरल्या भावाला." "ते कसे आहेत?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. सातारा जिल्ह्यात शाळामास्तर होते. बाराखडी मला त्यांनीच शिकवली. मधुमेह त्यांना पन्नाशीच्या आतच जडला. पण दुखत नाही, खुपत नाही, म्हणून त्यांनी तो अंगावर काढला. साखरेने डोळ्यांचा पडदा आतून बिघडत जातो आणि बराच काळ माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. लागला तेव्हा उशीर झाला होता. ज्यांनी मला वाचायला शिकवले त्यांना आज दारात कोण उभे आहे हे आवाजावरून ओळखावे लागते. डॉक्टरबाईंनी सगळे ऐकून घेतले, माझ्या कमरेभोवती टेप धरली आणि आकडा सांगितला, १०४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० ही मर्यादा मानतात. माझी साखर 'सीमेवर' होती. बेळगावकर मंडळी समोर आहेत. सीमेवर असणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्याला वाटते, लठ्ठपणा हा गोऱ्या लोकांचा रोग; आपण चार हाडांची माणसे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा समज मुळातून उपटून टाकला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो प्रसिद्ध झाला. दोघांचा बी. एम. आय., म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रजाची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराची २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून स्थूल, अशी आपली घडण आहे. याचे मूळ त्यांना पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांत सापडले. तेथील मूल सरासरी २.७ किलोचे, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. आपल्या मुलाचे स्नायू कमी, पोटातील अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पिढ्यान् पिढ्यांच्या उपासमारीने शरीराला काटकसरीची सवय लागली आणि अशा देहाला आपण खुर्ची, मोटार व चार वेळचा चहा दिला. म्हणून आपल्यासाठी २५ ऐवजी २३ लाच सावध व्हावे असे सांगतात. माझा आकडा तीसच्या वर होता. सावध होण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

माझे वडील अखेरपर्यंत सडपातळ राहिले. त्यांचे शिक्षण औंध संस्थानात झाले. सूर्यनमस्कारांचा प्रसार ज्यांनी आयुष्यभर केला ते भवानराव पंतप्रतिनिधी तेथले राजे. त्यांनी संस्थानच्या शाळांत नमस्कार सुरू केले आणि १९३८ साली लंडनहून त्यांचे त्या विषयावरील इंग्रजी पुस्तकही निघाले. वडील ते नमस्कार म्हातारपणीही घालीत. पण खरे सांगायचे तर, त्यांच्या शरीराचे श्रेय मी एकट्या नमस्कारांना देत नाही. त्यांना शाळा दोन कोस, शेत एक कोस, आणि बाजार आठवड्यातून एकदा. चालण्याला ते व्यायाम म्हणत नसत, जाणे म्हणत. आपण त्यांचे जेवण वारशाने घेतले आणि जाणे मात्र गावीच ठेवून आलो.

ज्या भूमीवर आपण जमलो आहोत तिच्याकडेच पाहा. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर १९७८ साली ही वसाहत उभी राहू लागली. आपल्या मंडळाचे आणि तिचे वय साधारण एकच. रामकृष्ण बाळिगा यांनी ज्या काळी हे स्वप्न पाहिले त्या काळी येथे रागीची शेते होती, म्हणजे दिवसभर कमरेत वाकणारी माणसे होती. आज याच जमिनीवर हजारो माणसे दिवसाचे दहा तास एका काचेसमोर बसतात. बसण्याने काय होते हे लंडनच्या बसगाड्यांवरून कळले. १९५३ साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दाखवून दिले की, दुमजली बसचा बसून राहणारा ड्रायव्हर आणि दिवसभर जिने चढणारा कंडक्टर यांत हृदयविकार ड्रायव्हरला अधिक. टपाल खात्यातही त्यांना तोच प्रकार आढळला. पत्रे वाटणारा पोस्टमन मेजावरच्या कारकुनापेक्षा सुदैवी. पुढे त्यांनी गणवेशाच्या नोंदी धुंडाळल्या, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर मोठा निघाला. सरकारी दप्तरातून इतकी उपयुक्त माहिती निघाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. अर्थात तरुण ड्रायव्हरांचाही घेर अधिकच होता, तेव्हा सगळा दोष खुर्चीच्या माथी मारता येत नाही. हिशेबनीस म्हणून हा शेरा मारणे मला भाग आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. तपासणीनंतर मला भीती वाटली. त्या भीतीच्या जोरावर मी रात्रीचे जेवण सोडले, उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, घरात सर्वांशी चिडून बोललो. हा पराक्रम अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी कार्यालयाजवळच्या दर्शिनीत उभ्या उभ्या दोन वडे, खारा भात आणि केसरी भात यांवर मी असा तुटून पडलो की वाढणाऱ्याने आपण होऊन सांबार आणून दिले. भीती हा वाईट सावकार आहे. कर्ज तात्काळ देतो आणि वसुलीही तितकीच तात्काळ करतो.

मग शास्त्र वाचू लागलो. तेथे दुसराच गोंधळ. आपल्या महाराष्ट्रात दोन मते फार लोकप्रिय आहेत. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या व्याख्यानांतून दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला. २००४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो घरोघरी नेला. दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नको, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. याच्या उलट मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांनी २००९ सालच्या गाजलेल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्ला दिला. आमच्या घरात सौभाग्यवती एका पक्षात आणि विहीणबाई दुसऱ्या पक्षात. मी अल्पमतातले सरकार. माझे मत विचाराल तर, दोन्हीकडची माणसे बारीक झालेली मी पाहिली आहेत आणि दोन्हीकडची पुन्हा जाड झालेलीही. ज्याला जे वर्षानुवर्षे निभावेल ते त्याचे पथ्य. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. जे इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण वगळू नये. साखर एकदम खाली जाणे हे वर जाण्यापेक्षा अधिक तातडीचे संकट असते.

मी माझ्या पेशाला शोभेल असेच केले. खतावणी उघडली. महिनाभर काही सोडले नाही, फक्त लिहिले. तेव्हा मला जो शोध लागला तो मंडळाच्या भोजनसमितीला आनंद देईल. गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ, पाडव्याचे श्रीखंड, होळीची पोळी, मंडळाच्या पंगती हे सगळे धरून वर्षाची बारा-पंधरा जेवणे होतात. दोन वेळची जेवणे वर्षाला ७३०. दोष त्या पंधरांचा नव्हता. दोष होता ज्याची आठवणही राहत नाही अशा खाण्याचा. मी दिवसाला चार कप चहा घेत असे, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे रोज ४० ग्रॅम. गुणाकार केला आणि पेन खाली ठेवले. वर्षाला साडेचौदा किलो साखर नुसत्या चहातून! शिवाय बैठकीत समोर येते म्हणून खाल्लेली बिस्किटे, आणि पोट भरल्यावर पातेल्यात उरला म्हणून वाढून घेतलेला भात. अन्न टाकू नये हा संस्कार आपल्यावर आहे; पण उरलेला भात पोटात टाकणे हेही टाकणेच, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळले.

परमुलखात राहणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. आपल्यासाठी पुरणपोळी हा केवळ पदार्थ नव्हे. आपली नातवंडे कन्नड व इंग्रजीत बोलतात, त्यांच्या तोंडी राहिलेले जे थोडे मराठी शब्द आहेत त्यांत निम्मे स्वयंपाकघरातले आहेत. ते काढून घ्या म्हणणाऱ्याचे कोण ऐकणार? म्हणून मी सणाला हात लावला नाही. साखरेचा चमचा मात्र दोनाचा दीड, दीडाचा एक असा चार महिन्यांत शून्यावर आणला. भात आधी ताटात वाढून घ्यायचा आणि पातेले टेबलावर ठेवायचेच नाही, अशी व्यवस्था सौभाग्यवतींनी केली. बिस्किटांचा डबा फळीवर उंच गेला. इतक्या क्षुल्लक गोष्टी आहेत या. सांगताना संकोच वाटतो.

उरले चालणे. येथेच मी तीन वेळा हरलो. सकाळी पाऊस, कधी कुत्री, कधी फायली. कारणे शोधण्यात सरकारी नोकराचा हात कोणी धरू शकत नाही. सुटका झाली ती दादांमुळे. रविवारी मी त्यांना फोनवर वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. एका रविवारी नीलाद्री रस्त्यावरून चालत असतानाच फोन लावला. हातात वर्तमानपत्र नव्हते. दादा म्हणाले, "मग जे दिसते ते सांग." मी सांगू लागलो. फुलवालीने मोगऱ्याचा गजरा हाताच्या कोपराने मोजला, पुलाखाली ट्रक अडला आहे, दोड्डतोगूरच्या तळ्यावर बगळे उतरले आहेत. पंधरा मिनिटे ते नुसते हुंकार देत होते. शेवटी म्हणाले, "उद्या किती वाजता?"

तेव्हापासून रोज सहा वाजून दहा मिनिटांनी दादा फोन हातात घेऊन बसतात. मी नाही गेलो तर त्यांची सकाळ उजाडत नाही. लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला २५० हून अधिक लागतील असा अंदाज होता. माझा आकडा मी मोजला नाही. दादांनी मोजला असेल. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, तेव्हा मी मोटार ठेवून स्थानकापर्यंत पायी जाऊ लागलो. प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या किती, हेही त्यांनी मोजायला लावले.

वजन भराभर उतरले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी पाच किलो, मग सात महिने काटा जागचा हलला नाही. त्या काळात मला शेजारच्या चेन्नईतील एका अभ्यासाने धीर दिला. डॉ. ए. रामचंद्रन यांनी सीमेवरच्या साखरेच्या माणसांना चालणे व आहाराची शिस्त लावली. त्यांचे वजन फारसे घटले नाही, तरीही मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी खाली आले. म्हणजे काटा हलला नाही तरी आत हिशेब जमेच्या बाजूला पडत असतो. माझी साखर आज सीमेच्या अलीकडे आहे. कंबर ९४; चार सेंटिमीटर अजून बाकी. दादांच्या आग्रहावरून मी दरवर्षी डोळ्यांचा पडदाही तपासून घेतो. या सभागृहात ज्यांना साखर आहे त्यांनी या वर्षी तो तपासला आहे का, एवढे त्यांनी मनाशी विचारावे. हात वर करू नयेत.

चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत आणि मागून तळणाचा वास येतो आहे. आज सकाळी दादांना सांगितले की, संध्याकाळी मंडळात माझे भाषण आहे. त्यांनी विचारले, "किती वेळ?" मी म्हटले, "वीस मिनिटे." "बसून की उभ्याने?" मी म्हटले, "उभ्याने." ते म्हणाले, "मग दे."